पंच्याहत्तरची मर्यादा

सोम., १२ मे २००३
१. बियाणं पास-नापास करणाऱ्या जावा प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे वाचता येणारा मूळ कोड, नाही. आधीचा प्रोग्रामर पुण्याला गेला. मागे फक्त कंपाइल झालेल्या फाइली.
२. गेल्या महिन्यात शेटजींनी विचारलं, सरकीच्या उगवणीची मर्यादा किती धरलीय? मी रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावून, मर्यादांच्या क्लासमधलं स्टॅटिक फील्ड, तिथे साठवलेला आकडा, वाचलं. ७५. तसं लिहून सही केली.
३. ६८ टक्के उगवणीचे तीन लॉट पास होऊन शुक्रवारी परतूरच्या दुकानदाराकडे गेले. पिशवीवर छापलंय ७५.

लॅबचे कदमकाका रजिस्टर घेऊनच आले. "ताई, अडुसष्ट म्या माझ्या हातानं लिव्हलं. तुमच्या मशीनला वाचता येत न्हाई का? ओल्या कागदात मोड न्हाई आला, त न्हाई आला. त्याला बटन न्हाई."
हसले. मी नाही.

मंगळ., १३
फील्ड पुन्हा वाचलं. ७५च. मग तपासणीच्या क्लासचा बाइटकोड, कंपाइल झालेल्या सूचना, उघडला. तिथे ६५.
फील्ड स्टॅटिक फायनल, म्हणजे कायमचं ठरलेलं. असा आकडा कंपाइलर वापरणाऱ्या क्लासमध्येच उतरवून ठेवतो. नंतर फील्डकडे कुणी बघत नाही. आधीच्या प्रोग्रामरने ६५चे ७५ केले, मर्यादांचा नि लेबलचा क्लास कंपाइल केला, तपासणीचा राहिला.
हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. एक खोटा लॉट चालवून बघायला दहा मिनिटं लागली असती, पण

बुध., १४
शेटजींना सगळं सांगितलं.
"बेटा, तूच बोलली होती ना, पंच्याहत्तर?"
हो.
"मंग? लोक दोन बिया जास्त टोबतील."
पिशव्या अजून दुकानदाराच्या गोदामात आहेत, परत आणता येतील, म्हटलं.
"सीझनच्या तोंडावर माल परत? नाव जाईल बिलकुल." फोन उचलला. मी बाहेर.
कदमकाका दाराशीच. "काय म्हनले?" मी नकारार्थी मान हलवली. "माझी लेक परतूरला दिलीय. जावई हेच बियाणं घेतो." एवढंच बोलून लॅबमध्ये गेले.
जेवले नाही.

गुरु., १५
सकाळी शेटजींच्या टेबलावर ठेवलेल्या कागदाची नक्कल :

मर्यादा ७५ आहे, हे मी सही करून दिलेलं उत्तर अपुरं होतं. तपासणी ६५वर होत होती. चूक माझी. तिन्ही लॉट दुकानदाराकडून परत मागवावेत. मागवणार की नाही, ते शनिवार दि. १७पर्यंत लेखी कळवावे.