घड्याळ हो म्हणालं

हादो, जेजू बेट
१२ जानेवारी २०१६

चि. ग्वांगहो यास,
मालसुनताईचे अ. उ. आ.

तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाही. तोंडातून भलतंसलतं जाईल, म्हणून लिहितेय. परवा आईला घरी आणलं. उजवा हात लुळा पडलाय, वाचा गेली. पेज भरवली की निम्मी हनुवटीवरून उतरते. पंचावन्न वर्षं समुद्राच्या तळातून शंख-शिंपले काढलेली बाई, तिला चमचा धरता येत नाही. बघवत नाही रे.

इथल्या डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं. ते मेंदूतली गुठळी काढायला तयार होते. एक वाजता दुखणं आलं, दोनला आम्ही दवाखान्यात, म्हणजे वेळ हातात होता. तू त्यांना शिकवलेलंस, म्हणून त्यांनी तुला तिच्या मेंदूची चित्रं धाडली, आणि तू नको म्हणालास. परक्यांच्या आया वाचवतोस म्हणून मी गावभर मिरवत होते. स्वतःच्या आईच्या वेळी हात का आखडलास, एवढं कळव.

लोभ आहेच, पण सध्या कुठे ठेवलाय ते सापडत नाही.

मालसुन


ग्वांगजू
१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दिवसाला तीस-चाळीस डोक्यांची चित्रं बघतो, थकवा हाडात मुरलाय. लिहिलेलं कोरडं वाटलं तर सांभाळून घे.

गुठळीने रक्त अडलं की मेंदूचा काही भाग मरतो, काही नुसता उपाशी असतो. उपाशी भाग मोठा असेल तर गुठळी काढतात, आणि माणूस कधीकधी आपल्या पायांनी घरी जातो. मेलेला भागच मोठा असेल, तर मोकळं झालेलं रक्त तिथे फुटून पसरू शकतं, मग माणूस हाती लागत नाही. आईचा डावा भाग जवळजवळ सगळा गेला होता. घड्याळ हो म्हणत होतं, चित्र नाही म्हणत होतं. मी चित्राचं ऐकलं.

एका तासात सहसा एवढं होत नाही, इतकंच लिहितो. तुला काही विचारत नाही.

तिचा हात रोज चोळत जा. तूही वेळेवर जेव. रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

ग्वांगहो


हादो
३० जानेवारी

चि. ग्वांगहो यास,
आशीर्वाद.

काही विचारत नाही, या तुझ्या ओळीने माझी झोप उडवली. विचारलं असतंस तर भांडून मोकळी झाले असते.

दुखणं एकला आलंच नव्हतं. सकाळी नऊला शेकोटीपाशी रबरी पोशाख चढवताना आईच्या हातून पाण्यात घालायचा चष्मा दोनदा निसटला. हात बधिर झालाय म्हणाली, पूड मागितली. पाण्यात उतरण्याआधी डोकेदुखीची पूड आम्ही सगळ्याच बायका घेतो, त्यात काय एवढं? मी पुडी दिली, तिला आगीजवळ निजवलं आणि ओहोटीची वेळ टळायला नको म्हणून समुद्रात गेले. वर आले तेव्हा तिचं तोंड वाकडं झालेलं, आणि वाजला होता एक. दवाखान्यात तीच वेळ सांगितली. उशीर झालाय म्हटलं तर तिला घेणार नाहीत, अशी भीती वाटली. तुझ्या त्या चित्राने ऐकलं नाही म्हणून, नाहीतर माझ्या खोट्यानेच ती गेली असती. तुला नको ते बोलले रे.

काल तिच्या डोक्यावर पाणी घातलं. तिने श्वास कोंडला आणि मग, पाण्यावर येताना आम्ही बायका सोडतो तशी, लांब शिट्टी मारली. शब्द एक नाही, शिट्टी तीच. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले.

मालसुन


ग्वांगजू
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वेळ खोटी आहे हे मी चित्र बघताच ओळखलं होतं. गप्प राहिलो, त्याला तू माझा मोठेपणा समजशील, म्हणून हे लिहितो.

त्या सकाळी साडेआठला आईने मला फोन केला होता. उजव्या हाताला मुंग्या येताहेत रे, म्हणाली. माझ्यासमोर कुणा परक्या म्हाताऱ्याचं चित्र उघडं होतं. थंडीने होत असेल, पूड घे आणि शेकत पड जरा, असं मी तिला सांगितलं. ताई, हे मी सांगितलं. पुडी तुझ्या हातून गेली, एवढंच.

चांद्र नव्या वर्षाच्या सणाला बोटीने येतोय. आईला आंघोळ मी घालीन.

लोभ सापडला असला तर धक्क्यावर ये. नसला सापडला, तरी ये.

ग्वांगहो