गार्डसाहेबांची वेळ

मानसरोवर, जयपूर
१४ जून २०२५

ती. प्रभाताईस,
मुरलीधरचा कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी हरीण म्हणालो, तू विहीण ऐकलंस आणि आसावरीचं लग्न ठरलं म्हणून गल्लीत पेढे वाटलेस. तेव्हा आता लिहूनच कळवतो.

लग्न ठरलेलं नाही. माझ्या लेकीला इथल्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली आहे आणि काम हरणं बघण्याचं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन म्हणून राज्य आहे. तिथल्या एका रानात झाडांना कॅमेरे बांधलेत. हरीण पुढून गेलं की आपोआप फोटो निघतो आणि सकाळी इथे आमच्या जेवणाच्या टेबलावर येतो. कुठलं हरीण, कुठल्या वाटेने, किती वाजता, हे आसावरीने कळवायचं. फोटो हजारो, पोर एकटी. म्हणून वेळा टिपायचं काम मी घेतलंय. चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो, मला दुसरं येतं काय? आठवड्याभरात हरणांचं वेळापत्रक तयार केलं. गाड्यांपेक्षा बरी धावतात.

त्यात एक थोराड नर आहे. रोज संध्याकाळी सहा दहाला, सगळा कळप ओढा ओलांडून गेल्यावर, शेवटी येतो. थांबतो, मागे बघतो, दोन्ही बाजूंना बघतो, मगच पाऊल टाकतो. मी त्याला गार्डसाहेब म्हणतो. शेजारचे सुखदेवजी प्याज कचोरी घेऊन रोज त्याला बघायला येतात.

ऊन पंचेचाळीसवर आहे. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मुरली

भुसावळ
२ जुलै २०२५

चि. मुरलीधर यास,
अ. उ. आ.

पेढे खाल्लेली मंडळी आता मुलगा काय करतो म्हणून विचारतात. जंगलखात्यात आहे असं सांगून टाकलं.

तुझं वेळापत्रक वाचून करमणूक झाली, पण एक विचारते. पाण्याला जाणाऱ्या बाईची वेळ कोणी रोज टिपून ठेवू लागला, तर मी आधी त्याचा हेतू विचारीन. तुम्ही ज्याला हे कळवता, त्याला हरणाची वेळ कशाला हवी आहे? आसावरीला विचार आणि कळव.

उन्हात टोपीशिवाय फिरू नकोस. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी ताई

मानसरोवर, जयपूर
२३ ऑगस्ट २०२५

ती. प्रभाताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर आसावरीला विचारलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली की हे सगळं शिकारीसाठी आहे. आत्ता हेरून ठेवायचं, आणि सप्टेंबरात हंगाम उघडला की नेमक्या वेळी मचाणावर बसून बाण मारायचा. तिकडे ते कायद्याने चालतं. गिऱ्हाईक वेन नावाचे एकोणसत्तर वर्षांचे गृहस्थ आहेत, आणि त्यांना हवा असलेला नर म्हणजे आपले गार्डसाहेब. मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती.

ताई, त्याचा माग मीच काढून दिला. नोकरीत एकदाही खोटी वेळ लिहिली नाही. म्हशीमुळे गाडी थांबली तर म्हैसच लिहिली. काल मात्र खोटी वेळ लिहिली. शेवटच्या वेळापत्रकात गार्डसाहेबांपुढे संध्याकाळी सहा दहाच्या जागी सकाळी सहा दहा लिहून दिलं. आसावरी माझ्या कागदावरून अहवाल करते, फोटो पुन्हा बघत नाही. तिला हे सांगितलेलं नाही. उघडकीला आलं तर तिची नोकरी जाईल, आणि ही मिळण्याआधी आठ महिने ती घरी बसून होती.

काय करू ते कळव. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा मुरली

भुसावळ
५ सप्टेंबर २०२५

चि. मुरलीधर यास,
अ. उ. आ.

खोटं लिहिलंस ते बरं केलंस. पोरीला न सांगता लिहिलंस ते वाईट केलंस. नोकरी तिची आहे, तुझी नव्हे. हे पत्र खाली ठेव आणि तिला हाक मार.

गल्लीत लग्न पुढे ढकलल्याचं कळवलं आहे. दोघांना जवळ घेते.

तुझी ताई

मानसरोवर, जयपूर
२४ सप्टेंबर २०२५

ती. प्रभाताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हंगाम उघडून दोन दिवस झाल्यावर हाती आलं. आसावरीला हाक मारून सगळं सांगितलं. तिनेही तेच केलं होतं. गार्डसाहेबांनी वेळ बदलली असं धरून, माझ्या कागदावरची सकाळ खरी समजून, त्यांना वाचवायला तिने अहवालात संध्याकाळ घातली. मतलब, दोघांनी मिळून त्या माणसाला अगदी खरी वेळ कळवली.

पहिल्या दिवसाचे फोटो उघडायला मी तिलाच सांगितलं. तिने उघडले. संध्याकाळचे सहा दहा. मचाणावर वेनसाहेब, छातीला पट्टा बांधलेला, मान कलंडलेली, तोंड उघडं, गाढ झोपेत. धनुष्य मांडीवर. खाली गार्डसाहेब. पुढच्या फोटोंत ते मागे बघतात, दोन्ही बाजूंना बघतात, वर तेवढं बघत नाहीत, आणि जातात.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. वेनसाहेबांनी लिहिलं होतं की तीन तास पापणी न लववता बसलो, हरीण फिरकलं नाही, वेळ साफ चुकीची आहे. आसावरीच्या साहेबांनी तिला पुरावा दे नाहीतर नोकरी सोड असं सांगितलं. पुरावा समोरच होता. तो पाठवला तर नोकरी राहणार, आणि वेनसाहेब पुन्हा त्याच झाडावर, या खेपेला जागे. सुखदेवजी म्हणाले, पाठवू नका, म्हातारा लाजेने मरेल. आसावरीने कोणालाच विचारलं नाही. ते फोटो पुसले आणि वेळ चुकली, चूक माझी, असं लिहून दिलं.

वेनसाहेब ओढा सोडून आता टेकडीवर बसतात म्हणे. आसावरीची नोकरी सोमवारी गेली. या क्षणी ती समोर बसून दुसरीकडचा अर्ज भरते आहे. आधीची नोकरी सुटण्याचं कारण विचारलंय, तिथे तिने कामात चूक असं लिहिलं. पण गार्ड म्हणून तुला सांगतो, तिच्या अहवालात एका मिनिटाचीही चूक नव्हती.

तिला दोन ओळी लिही, आणि मला विसरू नकोस.

तुझा मुरली