सत्तेचाळीस नंबरचा चोर

सागर, गुरुवार सकाळ

तीर्थरूप भावोजींना सत्यनारायणाचा साष्टांग नमस्कार.

आपण खुशाल असाल आणि अक्काचा गुडघा तिला जिना चढू देत असेल, असं धरून चालतो (मागच्या पत्रात तिने "बरं आहे" असं लिहिलंय, पण अक्षर तिचं वाटलं नाही). मी बरा आहे. लॉजच्या खोलीला आतून कडी नाही, म्हणून दाराला बॅग आणि बॅगेवर खुर्ची लावून झोपतो. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. इथला फोन सुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या खोलीत आहे, आणि तिथे सुपारी घेऊन आलेले दहा-बारा सभासद कायम बसलेले असतात. चौकातल्या बूथचा मालक त्यांच्यापैकीच एकाचा मेहुणा. बरं, आपल्या बेंगळुरूच्या ऑफिसात फोन आधी वाजतो तो त्या नव्या नागवेणीच्या टेबलावर. सगळं प्रकरण तिच्याबद्दलच आहे.

तुम्ही ऑफिसच्या किल्ल्या आणि सामान सांभाळता, आमच्या कामात पडत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सोसायटीची नऊ गावांत दुकानं आहेत. राशी, चाली, बेट्टे, ज्या प्रकारची सुपारी येईल तिचा तपशील दुकानातून तारेवरून इथल्या मुख्य संगणकाकडे गाठोडं बांधल्यासारखा येतो. आता गाठोडं सोडायचं कसं, हे इथल्या संगणकाला ठाऊक नसतं. पण प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी असते, की मला सोडायची कृती अमुक पत्त्यावर मिळेल. संगणक त्या पत्त्यावर जातो, कृती आणतो, तिच्याबरहुकूम गाठोडं सोडतो आणि मग लिलाव सुरू होतो. सुपारीचा नवा प्रकार आला तरी सागरला खेप घालायला नको. ही युक्ती माझीच (संचालकांनी चारचौघांत पाठ थोपटली होती, तुम्हीही होता).

नागवेणी आल्या आल्या यात खोड काढू लागली. म्हणे, सर, उद्या चिठ्ठीवर कुणी स्वतःचाच पत्ता लिहिला, तर आपला संगणक त्याच्या माणसाला घरात घेईल, झोपाळ्यावर बसवेल आणि वर विचारेल, काय काय उघडू? कृती सगळ्या सागरलाच ठेवा आणि बाहेरचा पत्ता मानूच नका, असं तिचं म्हणणं. म्हणजे कुलपं हिच्या हातात. मी बरं म्हणालो आणि तिच्यावर नजर ठेवायला लागलो. आठवड्याने तिने मला सरळ विचारलं, सर, सध्या चिठ्ठीवर पत्ता कुठला आहे? आता सांगा भावोजी, सज्जन माणसाला हा प्रश्न पडेल? मी म्हटलं, गोपनीय आहे.

त्यानंतर लिलाव बंद पडायला लागले. पहिल्यांदा मी मुंजीला गोकर्णाला गेलो तेव्हा. दुसऱ्यांदा माझी दाढ काढली त्या दिवशी. मी परत येऊन टेबलाशी बसलो, की पाच मिनिटांत सगळं सुरळीत (संचालक तर माझा पायगुण म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं). मी नसताना बंद, मी असताना चालू. माझी पाठ फिरायची वाट बघणारं कोणीतरी ऑफिसात आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. खबरदारी म्हणून मी बाहेर जाताना माझा संगणक बंद करून कपाटात कुलूपबंद करतो, ते तुम्ही पाहताच. याही वेळी केला, मंगळवारी इकडे यायला निघालो, आणि बुधवारी लिलाव बंद.

मी चार पानी तक्रार संचालकांकडे दिली आहे. शनिवारी चौकशी. नागवेणीची नोकरी अजून कच्ची आहे, दोष सिद्ध झाला तर त्याच दिवशी जाईल. ती माझ्या टेबलाभोवती घुटमळत होती एवढंच तुम्ही सांगावं, ही विनंती. अक्काला नमस्कार.

आपला,
सत्यनारायण उडुप

ता. क. दुपार. पत्र खिशात ठेवूनच सोसायटीच्या बाजारात गेलो. कृती आणायला गेलेल्या संगणकाला कुठल्या पत्त्यावर उत्तर मिळत नाही, ते शोधून काढलं. शेवटचा आकडा सत्तेचाळीस. ऑफिसातल्या सगळ्यांच्या यंत्रांचे नंबर मी टेबलांखाली रांगून उतरवून घेतलेत. नागवेणीचा एकतीस. सत्तेचाळीस कुणाचाच नाही. चोर बाहेरचा आहे, असं मी सेक्रेटरींच्या भरल्या खोलीत जाहीर केलं. सेक्रेटरी गणपय्य हेगडे शांतपणे पान लावत होते. त्यांनी विचारलं, "यादीत तुमचा नंबर काय?" माझा मी लिहिला नव्हता. स्वतःवर कोण पाळत ठेवतं? तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कमरेच्या किल्लीवर गेली. तिला तुम्ही तुमच्या अक्षरातला पुठ्ठा बांधलाय, 'कपाट, यंत्र ४७'. मी मूठ मिटेपर्यंत उशीर झाला होता.

"म्हणजे आमची नऊ गावांची सुपारी," हेगडे म्हणाले, "तुमच्या कपाटात अडकलीय."

गेल्या वर्षी चाचणीपुरता मी माझ्याच यंत्राचा पत्ता टाकला होता. बदलायचा राहिला.

ता. क. २. किल्ली (या कपाटाची दुसरी नाही) या पत्रासोबत दुपारच्या बसने पाठवतोय. उद्या नऊच्या आत यंत्र बाहेर काढून चालू करा. पासवर्ड लिहीत नाही. आमच्या लहानपणीच्या मारक्या म्हशीचं नाव, अक्काला विचारा. कुणी विचारलंच तर तारेत बिघाड होता म्हणा.

ता. क. ३. वरचं शेवटचं वाक्य खोडा. मघापासून त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. तिला उत्तर दिलं असतं तर त्याच दिवशी तिने चूक दाखवली असती. मला फार लाज वाटते आहे. किल्ली नागवेणीच्याच हातात द्या आणि पत्ता सांगा. कृती सागरला ठेवायच्या की नाही, ते आता ती ठरवेल. माझी तक्रार संचालकांकडेच राहू द्या. शनिवारी मी ती सगळ्यांसमोर वाचणार आहे, माझ्या नावाने.

ता. क. ४. बसचा कंडक्टर पाकिटाकडे फार निरखून बघत होता, म्हणून किल्ली हेगड्यांनी दिलेल्या तोडदेवूच्या (उसाच्या रसाच्या, कागदासारख्या पातळ गोड घड्यांच्या) डब्यात, तिसऱ्या थराखाली लपवली आहे. अक्काने आधी खायला घेऊ नये. डब्याबरोबर आलेल्या चिठ्ठीत लिहिलंय म्हणून कुणी कपाट उघडू नये, हे तुम्हाला मीच दहा वेळा बजावलंय. एवढ्या वेळेला उघडा.