धाकट्या दादाचं खोटं पडणं

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, जेवढे या क्षणी शिल्लक आहेत तेवढे. (कुंग फूच्या क्लासात तुला दादा म्हणावं लागतं, कारण तिथे आधी आला तो मोठा. हे पत्र घरून लिहिते आहे.) आईबाबा बरे आहेत. तुझी तब्येत विचारत नाही. शनिवारी एवढा धाडकन पडूनही हसत उठलास, म्हणजे ती उत्तम असणार.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहून सांगते. पंधरा वर्षं मी ठोशा-लाथांचं कुंग फू केलं. पहाटे गच्चीवर गुडघे वाकवून उभं राहायचं; मांड्या थरथरायला लागल्या की जुने सर म्हणायचे, आता सुरुवात झाली. (तूही आला होतास. तिसऱ्या आठवड्यात तुझं पोट दुखलं, ते अजून दुखतंय.) मग माझा गुडघा गेला, डॉक्टरांनी उड्या बंद केल्या आणि तू म्हणालास, "ताई, आमच्याकडे ये, आमचं कुंग फू सावकाश असतं." किती सावकाश, ते बोलला नाहीस. तिथे एक हात वर जाईपर्यंत आमच्या कारखान्यात बाटल्यांची अख्खी पेटी भरून होते. नवे सर म्हणतात, आधीचं विसरा. शरीर काय पाटी आहे पुसायला? कुणी हात लावला की माझी मूठ आपोआप वळते, आणि क्लासातल्या त्या निवृत्त दंतवैद्य बाई मला दोन बोटांनी भिंतीपर्यंत पोचवून वर विचारतात, "दुखलं का गं?" तेही सोसलं. त्या निदान खरं ढकलतात.

शनिवारी सरांनी मला तुझ्यासमोर उभं केलं. मनगटाला मनगट लावून समोरच्याचा तोल घालवायचा. मी ढकललं आणि तू पडलास. धाकट्या, मी यंत्रांचा तोल तपासायचा पगार घेते. माझा जोर डावीकडे होता, तू पडलास मागे. शिवाय गादीवर हात आपटलेस, आवाज यावा म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गुडघ्याची कीव डॉक्टरांनी केली, शेजाऱ्यांनी केली, लिफ्टमधल्या अनोळखी माणसानेही केली. तू करायला नको होतीस.

क्लासात तुझी धाकटी, बाकी सगळीकडे मोठी,
ताई

ता. क. आईने विचारलं तर मी पोहायला जाते.

ता. क. २ : रविवारी सकाळी क्लास रिकामा असतो. किल्ली मी मागून घेतली आहे. ये, आणि मला खरं पाड. गाद्या मात्र एकावर एक दोन घाल, आणि ते मी सांगितलं असं कुणाला कळू देऊ नकोस.