माय नावाची सीडी

बीड बायपास, छत्रपती संभाजीनगर

प्रिय अहो,

आज आपल्या बिल्डिंगला नळ आला. हसू नका, खरंच आला! फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला होता, "ताई, लाइन आलीच समजा." तुम्ही गेलात, समोरच्या माळावर टॉवर उभे राहिले, आणि मग ती आली. दुपारी नेहानं आणि मी मागच्या खोलीतले पाण्याचे ड्रम बाहेर काढले. मागं भिंतीवर तुमच्या सीडींच्या रॅकची भोकं दिसली. लेक फडकं घेऊन आली, तर मी तिथंच फरशीवर बसलेली. म्हणून लिहितेय.

आठवतो का तो दुष्काळाचा उन्हाळा? टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी बिल्डिंग जिन्यात. ड्रम ठेवायला जागा एकच उरली होती, तुमच्या रॅकची. मी म्हटलं, "सीडी प्यायच्यात का आपल्याला?" दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं कॉम्प्युटरपुढं बसलात आणि एकेक सीडी आत सारायला लागलात.

कव्वाल्या, नाट्यगीतं, गझला. पैठण गेटवरून जमवलेल्या सगळ्या. आणि मी पोळ्या लाटत असताना तुमचं भाषण! "शैला, आहे तसा आवाज घेतला तर मेमरी कार्डात मावत नाही. एमपीथ्रीत दाबायला लागतो. माणसाच्या कानाला कळत नाही तेवढंच ते काढून टाकतं." मी विचारलं, "कुठल्या माणसाच्या? तुमच्या की माझ्या?" तुम्ही नुसते हसलात.

गाण्यांचे किती लाड केलेत! एकच गाणं वेगवेगळं दाबायचात, हेडफोन माझ्या कानाला लावायचात, "झांजा फाटतात का बघ." माझे हात पिठाचे, मी म्हणायचे, नाही फाटत हो, सोडा! सगळ्यांना जागा देता देता कार्ड भरत आलं आणि शेवटी राहिली घरची सीडी, वर 'माय' लिहिलेली. ती दाबलीत सगळ्यात बारीक, बत्तीसच्या आकड्यावर, जिथं आवाज सगळ्यात कमी उरतो. का, तर "त्यात गाणं कुठंय? नुसतं बोलणंच तर आहे."

नुसतं बोलणं! काय म्हणू मी तुम्हाला?

त्या सीडीत तुमची माय गावाकडं, कन्नडच्या माळावर शेळ्यांना हाका मारते. आधी जिभेचं टकटक, मग ती उंच, लांबलचक हाक. रेकॉर्डर तुमच्या हातात. मी मागून येत होते, वाळल्या पाल्यात चपला वाजत होत्या. तेव्हा तुम्ही अगदी हळू म्हणालात, "शैला, पाय वाजवू नको गं." एवढंच. तुमचा आवाज असलेली तेवढीच एक जागा. बारसं असो, लग्न असो, तुम्ही आपले रेकॉर्डर धरून तोंड मिटून उभे. दुसऱ्यांचे आवाज सांभाळायची लई हौस! तुमचा कोण सांभाळणार होतं?

तुम्ही गेल्यावर ती फाइल लावली. मायची हाक पाण्याखालून आल्यासारखी येते. घरात प्यायला पाणी नव्हतं तेव्हा केलेली फाइल, आणि आवाज असा! तुमची जागा आली की नुसती खरखर. मला कळतं, कारण मी तिथं होते. नेहा कान लावून बसली आणि म्हणाली, "आई, यात बाबा कुठंयत?" कानाला कळत नाही तेवढंच काढतं ना ते? मग तुम्हीच कसे निघालात हो त्यात?

मूळ सीडी शोधायला कन्नडला गेले. "कॉपी झाली, आता काय करायच्या?" म्हणून सगळ्या धाकट्या भावजींना तुम्हीच दिल्या होत्या ना, डाळिंबाला टांगायला. उन्हात चमकल्या की पाखरं बुजतात. भावजी म्हणाले, "वैनी, दादानं दिल्या तवा पाखरू फिरकत नव्हतं. पण बागच वाळली वो त्याच साली. टँकरवर किती जगवणार? दोऱ्या तशाच ऱ्हायल्या." वाळक्या खोडांतून हिंडलो दोघं. आणि सापडली हो! चंदेरी पापुद्रा उडून गेलेला, जेवढा चिकटून होता तेवढ्यावर तुमच्या अक्षरातला 'मा'. बाकीच्या नुसत्या प्लॅस्टिकमधून पलीकडं उभे असलेले भावजी दिसत होते.

"काय व्हतं वैनी ह्यात?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," म्हटलं.

त्यांना काय सांगू? त्यांनी तर तुम्ही दिलेली एकही सीडी खाली पडू दिली नव्हती.

घरी आल्यावर नेहानं विचारलं, "बाबा कसे म्हणाले होते गं?" मी म्हणून दाखवलं. तुमच्यासारखं, हळू. तिला इतकं आवडलं की पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा लावलं. आणि अहो, तेव्हापासून ते वाक्य आठवायला गेले की माझाच आवाज येतो. डोळे मिटते. माळ दिसतो, माय दिसते, तुमची पाठ दिसते, आणि बोलते मी! तुम्ही नाहीच. त्या खरखरीत निदान मला तरी ऐकू येत होतात, आता तिथंही मीच ऐकू येते. मला फार भीती वाटते. कुणाला सांगू?

म्हणून शब्द देते तुम्हाला. ते वाक्य मी पुन्हा तोंडानं म्हणणार नाही, लेकीनं कितीही मागितलं तरी. तुमच्या रॅकच्या त्या भिंतीला आता काही लावणार नाही, टेकवणारही नाही. चपला बाहेर काढून येईन आणि तिथं गप्प बसेन.

पाय वाजवणार नाही. तुम्ही फक्त एकदा बोला.

तुमची,
शैला