सगळ्यांचं लग्न झालंच पाहिजे

वाल्पराइसो,
फेब्रुवारीची अखेर

तीर्थरूप एर्मिनियाताईस,

धाकट्या रोसाउराचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? ओसोर्नोला यंदा उन्हाळा तरी कोरडा गेला का, आणि ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय व्यायली का? इकडे सर्व ठीक आहे. (हा 'ठीक' मी आपल्या आईकडून उचलला. भूकंपात स्वयंपाकघराचं छप्पर खाली आलं, तेव्हा मामाला लिहिलेल्या पत्रातही तिनं 'सर्व ठीक' असंच लिहिलं होतं.) तुझ्या पत्रात पाऊस असतो, सफरचंदं असतात, पाद्रीबाबांचा खोकला असतो, फक्त नेल्दाची चौकशी तेवढी राहून जाते, म्हणून मी आपणहूनच सांगते. नेल्दा उत्तम आहे. पित्ताशय काढल्यापासून तिला तळलेले मासे चालत नाहीत, आणि ते मी चोरून खाल्लेले तिला चालत नाहीत. ट्रॉलीबस चालवायचं सोडून इतका काळ लोटला तरी आमच्या अरुंद स्वयंपाकघरात ती अजून "पुढे सरका, पुढे मोकळं आहे!" असं ओरडते, आणि पुढे असते फक्त शेगडी.

मांजरंही मजेत आहेत. सिनेटर तुला फोटोतून ठाऊक आहेच. दिवसभर खुर्ची सोडत नाही, जेवणाच्या वेळी बरोबर जागा होतो, आणि कुणी काही विचारलं की तोंड फिरवून पाय चाटत बसतो. नाव ठेवताना आम्हाला फार विचार करावा लागला नाही. दुसरी विधवा. नखशिखांत काळी, चालणं गंभीर, नजर खाली. हे नाव मात्र आम्ही फार घाईनं ठेवलं, असं आता वाटतं. ते पुढे येईलच.

ताई, तू टीव्हीवर मला पाहिलंस, असं तुझ्या शेजारणीनं मला फोन करून कळवलं. (तू कळवलं नाहीस.) तिच्या म्हणण्याप्रमाणे मी 'कसल्यातरी दंग्यात' होते. तेव्हा तो दंगा काय होता हे माझ्याच तोंडून ऐक. मला मोर्च्यांची हौस नव्हती, हे तू जाणतेस. शाळेत चाळीस पोरांना एका सुरात गायला लावलं की माणसाची आरडाओरड्याची हौस कायमची फिटते. नेल्दाला तर त्याहून नव्हती. लग्न नव्हे, पण नुसती जोडीदारीची नोंदणी सरकारनं आम्हाला मागेच देऊ केली होती, पण ती म्हणाली, "मी जन्मभर मोठ्या माणसाला कधी अर्धं तिकीट फाडून दिलेलं नाही. मी अर्ध्या तिकिटावर चढणार नाही." आणि विषय संपला.

तो परत उघडला इस्पितळात. तिचं ऑपरेशन झालं त्या दिवशी दारातल्या बाईनं मला विचारलं, पेशंटची तुम्ही कोण? आता कोण म्हणून सांगायचं? मागे लोक खोळंबले होते, आणि मी म्हणाले, मावसबहीण. बाईनं ते लिहून घेतलं. आत गुंगीतून अर्धवट शुद्धीवर आलेल्या नेल्दाला नर्सनं आनंदाची बातमी दिली की तुमची मावसबहीण आली आहे. नेल्दानं डोळे न उघडता खणखणीत आवाजात सांगितलं, "मला मावसबहीण नाही. कोण भामटी आहे, हाकला तिला!" आणि ताई, मला हाकललं. अगदी नम्रपणे, कोपराला धरून. मी बाहेर बाकावर बसले, मांडीवर तिचे कपडे, तिचा चष्मा आणि तिच्या कवळीची डबी. तिचे दात माझ्याजवळ, आणि मी तिची कोणी नाही! आता ही गोष्ट मी चहाला आलेल्यांना हसवायला सांगते, आणि ते हसतात. बाकावर मी हसत नव्हते.

घरी आल्यावर नेल्दा सिनेटरला उठवून त्याच्या खुर्चीत बसली (यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य ओळख) आणि म्हणाली, "चल. आता मोर्चा."

आमची टेकडीवरची चळवळ म्हणजे आम्ही दोघी आणि खालच्या वळणावरचे डॉन बाउदिलियो. ते जहाजांवर नावं रंगवायचे. जन्माचे ब्रह्मचारी, चळवळीत का आलात विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडे केक असतो." सभा भरवायला वस्तीचं सभागृह मागितलं, तर किल्ल्या दोन्या एउफेमियाकडे. दोन्या एउफेमिया म्हणजे वस्तीच्या कमिटीची अध्यक्षा, चर्चमधल्या पहिल्या बाकाची मालकीण आणि टेकडीवरच्या सगळ्यांच्या अब्रूची राखणदार. तिनं सांगितलं, सभागृहाला रंग द्यायचाय. तो रंग वर्षभर द्यायचाच होता. मग सभा आमच्याच स्वयंपाकघरात, नेल्दाच्या "पुढे सरका"च्या तालावर.

संसद आमच्याच गावात, टेकडीच्या पायथ्याशी, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या लग्नाच्या कायद्यावर मतदान होतं त्या दिवशी तिथं जायचं ठरलं. मी बैठकीच्या खोलीचे पडदे उतरवून लांबलचक फलक शिवला. (तेव्हापासून समोरच्यांना आमचं सगळं दिसतं. हीसुद्धा चळवळच.) डॉन बाउदिलियोंनी त्यावर जहाजावर शोभावी अशी अक्षरं काढली: 'ज्यांना हवं त्या सगळ्यांचं लग्न झालंच पाहिजे.' रंग वाळला, फलकाची घडी केली, कपड्यांच्या मोठ्या टोपलीत ठेवली, आणि आम्ही निवांत झोपलो.

सकाळी पाहते तो टोपलीत विधवा, आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं. आमच्या शोकमग्न, खाली मान घालून चालणाऱ्या विधवेला! दोन काळी आणि दोन चक्क नारिंगी. डॉन बाउदिलियोंनी हात घातला, तो रक्तबंबाळ होऊन बाहेर आला. सार्डिनचं आमिष दाखवलं. तिनं बाहेर येऊन सार्डिन खाल्लं, तोंड पुसलं आणि आम्ही फलकाचं टोक धरायच्या आत परत जाऊन बसली. खालून ढोल ऐकू यायला लागले होते. मी म्हणाले, पिल्लं उचलून दुसरीकडे ठेवू. नेल्दा दारात आडवी उभी राहिली. "बाळंतिणीला कुणी उठवायचं नाही. मग मोर्चा गेला खड्ड्यात." मग तिनं कात्री आणली आणि विधवेच्या शेपटीपासून वीतभर अंतर ठेवून फलक कापला.

आता ताई, घाईत कुणी वाचून पाहिलं नाही. आम्ही तिघं फलक ताणून धरून उतारावरून निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर पावविक्या हसत सुटला. दुसऱ्या कोपऱ्यावर एक प्रौढ पोलीस फलक वाचून म्हणाला, "बाई, मला तेवढं सोडा हो, मी सुखात आहे." तेव्हा कुठं मी पुढे जाऊन पाहिलं. 'ज्यांना हवं त्या' हे विधवेखाली राहिलं होतं. आमच्या हातात उरलं होतं: 'सगळ्यांचं लग्न झालंच पाहिजे.' डॉन बाउदिलियोंनी ते वाचलं आणि त्यांच्या हातातून फलकाची काठी निसटली. "म्हणजे माझंही?" त्यांनी विचारलं.

आणि नेमकी त्याच क्षणी चर्चमधून दोन्या एउफेमिया बाहेर आली. आम्ही थिजलो. तिनं पिशवी खाली ठेवली, चष्मा चढवला आणि एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा शहाण्यासारखं काही लिहिलंत." (तुला ठाऊक नसेल, तिचा धाकटा मुलगा एका मुलीबरोबर राहतो, दोन नातवंडं आहेत आणि लग्नाचं नाव काढलं की तो घर सोडून मासे धरायला जातो.) "अर्धी टेकडी अशीच राहतेय," ती म्हणाली, "द्या इकडे." तिनं डॉन बाउदिलियोंची काठी हिसकावून घेतली आणि मोर्च्यात आमच्या पुढे चालू लागली. मी नेल्दाकडे पाहिलं. नेल्दा पुटपुटली, "चढलेल्या प्रवाशाला मी मध्येच उतरवत नाही."

संसदेसमोर तोबा गर्दी. आमचा फलक पाहून जो तो हसत होता, टीव्हीवाल्यांना तर मेजवानीच, आणि एका मुलीनं माइक थेट दोन्या एउफेमियाच्या तोंडापुढे धरला. आजूबाजूला कोण आहेत, हे एव्हाना तिला कळून चुकलं होतं; ती म्हातारी आहे, आंधळी नाही. मी डोळे मिटून घेतले. मुलीनं विचारलं, सगळ्यांचं म्हणजे अगदी सगळ्यांचं का हो आजी?

मग तिनं काठीनं आमच्याकडे खूण केली. "या दोघी बघा. माझा नवरा होता तेव्हापासून एका छपराखाली राहताहेत. त्या दोघींची भांडणं ऐकलीत तर तुमची खात्री पटेल की हे लग्नच आहे. मग ते लिहून द्यायला या आत बसलेल्यांना काय धाड भरलीय? सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं! आणि माझ्या पोराचं आधी!"

तू पाहिलंस ते हे. मी जी हातवारे करताना दिसले, ती दंगा करत नव्हते, रडत होते. दुपारी आतून बातमी आली की कायदा मंजूर झाला, आणि अनोळखी माणसांनी आम्हाला इतक्या मिठ्या मारल्या की नेल्दाचे कधीचे भरलेले टाकेही धोक्यात आले.

दुसऱ्या दिवशी दोन्या एउफेमिया आमच्या दारात. मला वाटलं, पश्चात्ताप झाला. पण ती आली होती पिल्लं बघायला. टेकडीवर नारिंगी बोका एकच, तिचा सान होसे, जो तिच्या म्हणण्यानुसार अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. तिनं नारिंगी पिल्लाचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. "नाक त्याच्यावरच गेलंय," ती पडेल आवाजात म्हणाली. संध्याकाळी बाळंतिणीसाठी माशांचं सूप घेऊन आली. तेव्हापासून आम्ही विहिणी आहोत. मानपान सांभाळावा लागतो, खुर्ची पुसून द्यावी लागते, आणि ती येते तेव्हा सिनेटरही उठून उभा राहतो.

थोरांना नमस्कार, गाईंना कुरवाळ.

तुझी,
रोसाउरा

ता. क. कायदा पुढच्या महिन्यात लागू होतोय. पुढे उगाच कुणी आम्हाला अडवू नये, म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्ही नोंदणी कचेरीत तारीख घेतली आहे. दोन साक्षीदार लागतात. एक विहीणबाई, तिला आम्ही विचारलं नाही, तिनंच सांगितलं. दुसऱ्या जागेसाठी डॉन बाउदिलियो तयार आहेत, पण लग्नाच्या इतक्या जवळ उभं राहायला ते घाबरतात. तू येशील?

पुन्हा ता. क. गुडघा दुखत असेल तर मुळीच नको. गाय व्यायची असेल तरी नको. पाद्रीबाबा काही म्हणणार असतील तरी नको. मी सहज विचारलं. आमचं काही अडत नाही.

आणखी ता. क. (हे अक्षर माझं आहे, नेल्दाचं. ती पाकीट आणायला गेली आहे.) एर्मिनियाबाई, अडतं. ती दोन झगे शिवून बसली आहे आणि रोज विचारते, ताईला यातला कुठला आवडला असता. ओसोर्नोची बस सकाळी येते. मी थांब्यावर येऊन उभी राहीन. गुडघ्याची काळजी करू नका, टेकडीच्या पायऱ्या मी तुम्हाला उचलून चढवीन. बाईमाणूस आहे, पण ट्रॉलीबस ढकललेली आहे.