आवाजाचा पंखा

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन करावा तर आई तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून पत्र लिहितेय. तिच्या हाती लागू देऊ नकोस.

तिचं मनगट मोडल्यापासून मी मागे लागलेय की प्लास्टर निघेपर्यंत तरी माझ्याकडे चल. तुझं घर तीन जिने वर, त्यात तुझी शिवणकामाची गिऱ्हाइकं. तिथं ती किती दिवस राहणार? तर म्हणते, आपल्या घरी एकटी राहीन, पण तुला त्रास नको. एका हातानं कुकरचं झाकण कसं लावणार, ते काही सांगत नाही.

मावशी, खरं सांगू? मला लागतं गं. तुझ्याकडे ती महिनाभर मजेत राहते आणि माझ्याकडे तिसऱ्या दिवशी पिशवी भरते. ह्यांचं काही चुकलं का, की माझंच? हे तर तिच्यासाठी धडपडतायत. आमची बाथरूम घराच्या अगदी मधोमध, खिडकीचं नाव नाही, छताला बुरशीचे काळे डाग. त्या ओलीनं आईला खोकला होतो असं ह्यांनी ठरवलंय. म्हणून एक्झॉस्ट फॅन शोधत सगळी दुकानं पालथी घातली. आईची झोप सावध, तेव्हा अजिबात आवाज न करणारा पंखा निवडलाय. चालू आहे की बंद हे हात धरून बघावं लागतं इतका शांत. ऐपतीबाहेरचा आहे, पण पुढच्या शनिवारी बसवायला येतायत.

तुला काही ठाऊक असेल तर आडपडदा न ठेवता लिही. तुझी माया मला हक्काची आहे, ती अशीच राहू दे.

तुझी,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आधी तो पंखा थांबव. मग पाणी पिऊन निवांत बस आणि पुढचं वाच.

जावईबापू लाखातले आहेत. तुझंही काही चुकलेलं नाही. चुकलाय तो तुमच्या बाथरूमचा दरवाजा. तो उघडतो थेट जेवणाच्या टेबलापाशी, आणि टेबलाशी जावईबापू पेपर वाचत बसलेले. खाली बोटभर फट. आत गेलेल्या माणसाचं बाहेर सगळं ऐकू येतं, आणि तुझी आई ही अशी! लहानपणी घरात पाहुणे असले की ही सकाळपासून लघवी दाबून बसायची. वय वाढलं, लाज तेवढीच राहिली.

तुझ्याकडे असली की ती पाणीच पीत नाही. पहिल्यांदा नळ सोडून ठेवून बघितला, पण पाणी वाया जातं म्हणून जीव खालीवर. मग सगळे झोपेपर्यंत कळ काढायची. मागच्या खेपेला घरी परतली ती जळजळ घेऊनच, आठवडाभर औषध घेत होती. तुला सांगितलं, हवा मानवली नाही. मलाही तिनं कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलंय. आज शब्द मोडते, कारण ही बाई मोडक्या हातानं एकटी राहायला निघालीय आणि मला झोप नाही.

आता तुमचा तो मुका पंखा तिच्या काय कामाचा? चांगला गडगडणारा आण. आणि त्याला वेगळं बटण नको. ते दाबायला ती शंभरदा विचार करेल. दिव्याबरोबरच सुरू झाला पाहिजे. तिला यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस, नाहीतर ती पुन्हा तुझा उंबरा चढायची नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. रागावली असशील तर माझ्यावर रागाव, आईवर नको.

तुझी मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. इतकी वर्षं मी उगाचच मनाला लावून घेत होते. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, मी रोज तिथंच पेपर घेऊन बसायचो की. उठले आणि थेट दुकानात गेले.

दुकानदाराची पंचाईत झाली. आवाज करणारा पंखा हवा असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं हे उपरोधानं बोलतायत. शेवटी गिऱ्हाइकांनी परत केलेला एक पत्र्याच्या पात्यांचा मागून काढला आणि आपणहून पैसे कमी केले. शांत पंखा त्यानं विनातक्रार परत घेतला.

बसवल्यावर परीक्षा झाली. मी आत जाऊन मोठ्यानं पाढे म्हटले, हे टेबलाशी कान देऊन बसले. सतरापासून एकोणतीसपर्यंत म्हटले, ह्यांना एक अक्षर कळलं नाही. हवाही झकास ओढतो, जाळीला कागद धरला तर चिकटून बसतो. नळी छतातून बाहेरच्या भिंतीपर्यंत नेलीय. दिवा लावला की सुरू आणि विझवल्यावरही थोडा वेळ चालू, म्हणजे वाफ निघून जाते. आईला एवढंच सांगितलंय की बाथरूम आता कोंदट राहिली नाही. रविवारी तिला घ्यायला येतो. बघू, किती दिवस टिकते.

तू नसतीस तर मी आयुष्यभर रुसून राहिले असते. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
ठकू


२८ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

प्लास्टर निघालं. हात अजून ओढतो, म्हणून हे कोंबडीचे पाय काढलेत, गोड मानून घे.

इथलं एक गुपित सांगते, पोटात ठेव. जावईबापूंना दुकानदारानं पार गंडवलंय. बाथरूमला पंखा बसवलाय तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. एवढा शिकलेला माणूस, पण घेताना ऐकून बघितला नाही. परवा ओशाळून म्हणाले, त्रास होत असेल तर बदलून आणतो. माझ्या काळजात धस्स झालं. मी म्हटलं, मुळीच नको, मला उलट त्याची सोबत वाटते. बिचाऱ्यांना बरं वाटावं म्हणून तोंड भरून कौतुकही केलं. ठकू कोपऱ्यात पदरानं तोंड पुसत होती. नवऱ्याची फजिती बघून वाईट वाटलं असणार पोरीला.

मला मात्र इथं मानवलंय. पोटभर जेवते, मनसोक्त पाणी पिते, खोकला नाही. संध्याकाळी तिघं टेबलाशी गप्पा मारत बसतो. माझा जावई इतका गमत्या आहे हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे बघ.

काल ठकूनं विचारलं, आता हात बरा झाला, कधी निघणार? विचारताना तिचा चेहरा एवढासा झाला होता. मी म्हटलं, मला कसली घाई आहे? तर वेडी गळ्यात पडून रडायला लागली.

म्हणून तुला एक काम सांगते. माझ्या घराची किल्ली शेजारणीकडे आहे. बाल्कनीतल्या कुंड्या तू तुझ्याकडे घेऊन जा. परत मागणार नाही.

आठवण काढत जा, मीही काढते.

तुझी ताई